चेमूल ते चौल : एका बंदराचा इतिहास आणि त्याच्या भाषेची साक्ष

अलिबागच्या दक्षिणेस सुमारे सतरा किलोमीटर अंतरावर, जेथे कुंडलिका नदी समुद्रास मिळते, तेथे चौल आणि रेवदंडा ही दोन जोडगावे वसलेली आहेत. आज नारळी-पोफळीच्या वाड्यांत दडलेल्या या गावांतून जाणारा प्रवासी येथे एकेकाळी पश्चिम किनाऱ्यावरील अग्रगण्य बंदर होते, याची कल्पनाही करू शकत नाही. वाटेत एका पडक्या तटातून रस्ता आत शिरतो, वाड्यांच्या आडोशाने काही भग्न भिंती दिसतात, आणि पुढे वाळूचा विस्तीर्ण किनारा लागतो. खाडीच्या पलीकडे कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलेला दिसतो. सुट्टीच्या दिवसांत मुंबई-पुण्याहून येणारी मंडळी एवढे पाहून परततात. परंतु ज्या गावाचे नाव सुमारे दोन हजार वर्षे ग्रीक, अरबी, रशियन आणि पोर्तुगीज लेखणीतून उतरत आले, त्या गावाचा इतिहास केवळ भिंतींत शोधणे पुरेसे नाही. तो गावाच्या नावात आहे, आणि पलीकडच्या तीरावरील एका लहानशा वस्तीच्या बोलीतही आहे. या दोन साक्षींच्या आधारे चौलचा इतिहास कसा उलगडतो, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

१. नावाची परंपरा

चौलविषयी स्थानिक परंपरेत चंपावती आणि रेवती क्षेत्र ही दोन नावे आदराने घेतली जातात. चाफ्याच्या वनावरून अथवा चंपा नावाच्या राजावरून चंपावती, आणि बलरामपत्नी रेवतीच्या नावावरून रेवदंडा, अशा व्युत्पत्ती सांगितल्या जातात. क्षेत्रमाहात्म्याच्या दृष्टीने त्यांना स्थान आहे. परंतु ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांनी ‘चंपावती’पासून ‘चौल’ हे रूप निघणे शक्य नाही. कोणत्याही नावाची व्युत्पत्ती शोधताना त्याच्या आजच्या रूपापासून प्रारंभ न करता जुन्यात जुन्या लिखित रूपापासून प्रारंभ करावा, हा भाषाशास्त्राचा पहिला दंडक आहे.

चौलच्या बाबतीत ही जुनी रूपे सुदैवाने विपुल आहेत. कान्हेरीच्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत ‘चेमुल’ येथील रहिवाशाने दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविक-ग्रंथात कल्याणच्या पुढील बंदरांची यादी देताना पहिले नाव येते ते ‘सेमुल्ला’. दुसऱ्या शतकातील टॉलेमी ‘सिमुल्ला’ असे लिहितो. आणि व्यापारानिमित्त तेथे जाऊन आलेल्या लोकांच्या सांगण्याप्रमाणे स्थानिक रहिवासी या गावास ‘तिमुला’ म्हणतात, अशीही नोंद करून ठेवतो. ही नोंद वरवर पाहता गोंधळाची वाटते. प्रत्यक्षात ती फार मोलाची आहे. ग्रीक भाषेत ‘च’ हा वर्ण नाही. परक्या भाषेतील ‘च’ ऐकणाऱ्या ग्रीकापुढे दोनच मार्ग असत: त्यातील घर्षणाचा अंश धरून ‘स’ लिहिणे, अथवा स्पर्शाचा अंश धरून ‘त’ लिहिणे. एकाने ‘सिमुल्ला’ ऐकले, दुसऱ्याने ‘तिमुला’ ऐकले. याचा अर्थ दोघांनीही ‘चिमुल’ अथवा ‘चेमुल’ हाच उच्चार ऐकला होता. दोन चुकांनी मिळून एक सत्य सिद्ध व्हावे, असा हा प्रकार आहे.

हीच गोष्ट अरबी लेखकांच्या बाबतीत दिसून येते. अरबीतही ‘च’ नाही. म्हणून तेथे ‘स’कारादी ‘सैमूर’ हे रूप रूढ झाले, आणि अंत्य ‘ल’चा ‘र’ झाला. शिलाहार राजा अनंतदेव याच्या शके १०१६, म्हणजे इ. स. १०९४ मधील खारेपाटण ताम्रपटात स्थानक, नागपूर, शूर्पारक आणि ‘चेमुली’ या बंदरांवरील जकातीतून दोघा अमात्यांच्या जहाजांना सूट दिल्याचा उल्लेख आहे. म्हणजे अकराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत राजदरबारी लेखनात नावातील ‘म’कार टिकून होता. लोकांच्या उच्चारात तो त्यापूर्वीच ढिला पडू लागला असणे संभवनीय आहे. कारण ताम्रपटाची भाषा संस्कृत, आणि संस्कृत लेखन जुने रूप जपणारे असते.

पुढील परिवर्तन मराठीच्या सर्वपरिचित नियमास धरूनच घडले. दोन स्वरांमधील ‘म’ प्रथम सानुनासिक ‘व’ होतो आणि पुढे ती अनुनासिकताही लोपते. ग्राम-गाव, नाम-नाव, कुमार-कुवर ही उदाहरणे शालेय विद्यार्थ्यांसही ठाऊक आहेत. त्याच न्यायाने चेमुल-चेंवुल-चेऊल आणि शेवटी चौल ही मालिका सिद्ध होते. ‘चेऊल’ हे मधले रूप जुन्या मराठी कागदपत्रांत सर्रास आढळते. बेने इस्रायल समाजातील ‘चेऊलकर’ या आडनावात ते आजही जिवंत आहे. पंधराव्या शतकातील रशियन प्रवासी निकीतीन याच्या लेखनात हे नाव ‘च’काराने आरंभ होते, कारण रशियनमध्ये तो वर्ण आहे, आणि त्याच्या रूपात ‘म’च्या जागी ‘व’ आलेला आहे. सोळाव्या शतकातील पोर्तुगिजांनी ‘चौल’ असे लिहिले. त्या काळच्या पोर्तुगीज भाषेत ‘सीएच’ या अक्षरजोडीचा उच्चार ‘च’ असाच होत असे. म्हणजे त्यांचे लेखन त्यांच्या कानास प्रामाणिक होते.

अशा रीतीने चेमुलपासून चौलपर्यंतची साखळी एकाही दुव्याच्या अभावी तुटत नाही. याचे ऐतिहासिक महत्त्व असे की, किनाऱ्यावरील अनेक प्राचीन बंदरांची ओळख आजही विवाद्य असताना सिमुल्ला, सैमूर आणि चौल यांची एकरूपता मात्र नावाच्या बळावर निश्चितपणे प्रस्थापित होते. ‘रेवदंडा’ या नावासही पौराणिक आधार शोधण्याची आवश्यकता भासत नाही. ‘रेव’ म्हणजे जाडी वाळू, आणि ‘दांडा’ म्हणजे समुद्रात वा खाडीत शिरलेला जमिनीचा चिंचोळा पट्टा. दंडा-राजपुरी, खार-दांडा या नावांत तोच शब्द आहे. ज्याने रेवदंड्याचा किनारा पाहिला आहे, त्यास हा अर्थ पटण्यास अडचण पडू नये.

२. सैमूरचे वैभव

इ. स. च्या दहाव्या शतकाच्या आरंभी, हिजरी ३०४ च्या सुमारास, अल-मसूदी हा बगदादचा ख्यातनाम लेखक सैमूर येथे आला होता. त्या वेळी या प्रदेशावर शिलाहार राजा झंझ याचा अंमल होता, आणि तो राष्ट्रकूटांचा मांडलिक होता. मसूदीच्या कथनानुसार गावात सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद येथून आलेले व्यापारी होते, तसेच याच भूमीत जन्मलेले, ‘बयासिरा’ या नावाने ओळखले जाणारे लोकही होते. त्यांच्या अंतर्गत व्यवहाराचा निवाडा करण्यासाठी राजाने त्यांच्यातीलच एक प्रमुख नेमला होता. हिंदू राजाच्या राज्यात परधर्मीय व्यापाऱ्यांना स्वतःच्या कायद्यानुसार राहण्याची मुभा होती, हे या नोंदीवरून स्पष्ट दिसते. बंदराची भरभराट केवळ नदीच्या मुखामुळे होत नाही. तेथील राजसत्तेच्या धोरणावरही ती अवलंबून असते.

भाषेच्या अभ्यासकास मसूदीची आणखी एक नोंद विशेष महत्त्वाची वाटेल. सैमूर, सोपारे आणि ठाणे या किनारपट्टीवरील लोकांची भाषा ‘लारिया’ असल्याचे तो सांगतो, आणि ज्या समुद्राच्या काठी ती बोलली जाते त्या समुद्राच्या नावावरून हे नाव पडल्याचे नमूद करतो. ‘लार’ या शब्दाचा संबंध अभ्यासकांनी ‘लाट’ देशाशी जोडलेला आहे. ही भाषा मराठीची पूर्वावस्था होती की गुजरातीस अधिक जवळची होती, याचा निर्णय एका नावावरून करणे धाडसाचे होईल. परंतु दहाव्या शतकात उत्तर कोकणातील बोलीस स्वतंत्र नाव होते आणि ते परदेशी व्यापाऱ्यांस ठाऊक होते, एवढे निश्चित.

याच संदर्भात चौलच्या उत्तरेस, अलिबागजवळच्या आक्षी गावातील शिलालेखाचा निर्देश करणे अवश्य आहे. शिलाहार केसिदेवाच्या काळातील या मराठी लेखाचा काल शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असा वाचला गेला असून त्यानुसार तो मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक ठरतो. केसिदेव नावाचा शिलाहार राजा तेराव्या शतकाच्या आरंभी होऊन गेल्याचे अन्य लेखांवरून ज्ञात असल्यामुळे या वाचनाविषयी विद्वानांत मतभेद आहे. तो वाद बाजूस ठेवला तरी, चौलच्या आसमंतात मराठी ही दानलेखाची भाषा म्हणून दगडावर कोरली जात होती, ही गोष्ट त्या दगडाने सिद्ध केलेली आहे. चौल पाहण्यास जाणाऱ्याने वाटेत आक्षीस थांबावे, अशी या दगडाची योग्यता आहे.

३. घोडे घेऊन आलेला प्रवासी

चौदाव्या शतकानंतर चौल बहमनी आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीच्या अमलाखाली आले. दख्खनच्या सुलतानांना युद्धासाठी घोडे हवे असत आणि ते अरबस्तान व इराणातून समुद्रमार्गे येत. तेव्हेर येथील अफनासी निकीतीन हा रशियन व्यापारी याच व्यापाराच्या आशेने एक घोडा घेऊन होर्मूझहून निघाला आणि १४६९ ते १४७१ च्या दरम्यान चौल बंदरात उतरला. पुढे तो जुन्नरकडे गेला असता तेथील अधिकाऱ्याने त्याचा घोडा काढून घेतला. बऱ्याच खटपटीनंतर तो परत मिळाला. निकीतीन मायदेशी पोहोचण्यापूर्वीच वाटेत मृत्यू पावला. परंतु त्याचे टिपण राहिले. वास्को द गामाच्या आगमनापूर्वी सुमारे पाव शतक एका युरोपीय माणसाने कोकणच्या लोकांचे आहार, पेहराव आणि चालीरीती स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहून ठेवल्या, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्याच्या स्मरणार्थ २००२ मध्ये रेवदंडा येथे एक स्मारक उभारण्यात आले.

सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पोर्तुगीज लेखक दुआर्ते बार्बोझा याने चौलच्या व्यापाराचे वर्णन केले आहे. त्यावरून हे बंदर वर्षभर सारखेच गजबजलेले नसे, असे दिसते. डिसेंबर ते मार्च हा त्याचा हंगाम. त्या काळात मलबार व अन्य ठिकाणांहून गलबते येत, आणि घाटावरून बैलांचे तांडे माल घेऊन उतरत. जणू एखादी जत्राच भरावी, तसा बाजार भरत असे. घाट, नदी आणि समुद्र यांच्या संगमावर चौलचे भवितव्य उभे होते. पुढे रेशमी वस्त्रांच्या विणकामासाठीही चौलची ख्याती झाली.

४. पोर्तुगीज सत्ता आणि तिचे वेढे

पोर्तुगिजांचा चौलशी आलेला पहिला मोठा संबंध पराभवाचा होता. मार्च १५०८ मध्ये इजिप्तच्या ममलूक सुलतानाचे आरमार अमीर हुसेनच्या नेतृत्वाखाली आणि दीवच्या मलिक अयाझच्या साह्याने चौलच्या खाडीत पोर्तुगीज आरमारावर चालून आले. व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा तरुण पुत्र लोरेन्सो याचे जहाज माघार घेताना मासेमारीसाठी पाण्यात रोवलेल्या खुंटांत अडकले, आणि तेथेच तो मारला गेला. एका साम्राज्याच्या सेनापतीस कोळ्यांच्या खुंटांनी अडवावे, ही घटना इतिहासकारांनी पोर्तुगीज दरबाराच्या दृष्टीने लिहिली आहे. कोकणच्या दृष्टीने पाहता तिचा अर्थ निराळा होतो: आरमारे येत-जात राहिली, परंतु खाडीवर नित्याचे अधिष्ठान मासेमारांचे होते. पुढील वर्षी आल्मेदाने दीव येथे आपल्या पुत्राचा सूड घेतला आणि अरबी समुद्रावर पोर्तुगीज वर्चस्वाचा पाया घातला गेला.

१५१६ मध्ये निजामशहाच्या संमतीने पोर्तुगिजांनी येथे वखार घातली आणि १५२१ मध्ये किल्ल्याचे बांधकाम आरंभिले. यानंतर चौलचे दोन भाग झाले. खाडीच्या मुखाशी, समुद्रास लागून असलेली रेवदंडा ही पोर्तुगीज वसाहत झाली, तर आतील बाजूस असलेले जुने चौल निजामशाहीकडे राहिले. पोर्तुगीज कागदपत्रांत यांना अनुक्रमे खालचे चौल आणि वरचे चौल म्हटलेले आढळते. तटाच्या आत चर्चे, मठ आणि घरे उभी राहिली. या तटबंदीस स्थानिक लोक आगरकोट म्हणतात.

१५७० मध्ये दख्खनच्या सुलतानांनी पोर्तुगिजांना किनाऱ्यावरून हुसकण्याचा संयुक्त प्रयत्न केला. विजापूरच्या अली आदिलशहाने गोव्यास, तर मूर्तझा निजामशहाने चौलला वेढा घातला. चौलचा वेढा कित्येक महिने चालला. तटास खिंडारे पडली, तरीही किल्ला पडला नाही, आणि १५७१ मध्ये निजामशहास तह करावा लागला. या अपयशाचे कारण देताना फिरिश्ता लिहितो की, निजामशाही सरदारांना पोर्तुगिजांनी नजराण्यांनी, आणि त्यातही विशेषतः मद्याने, वश केले होते. याची सत्यासत्यता ठरविणे कठीण असले तरी, पराभवाचे खापर शत्रूच्या पराक्रमावर न फोडता आपल्याच लोकांच्या लोभावर फोडण्याची इतिहासलेखनातील रूढी येथेही दिसते. पुढे खाडीच्या दुसऱ्या तीरावर कोर्लईच्या डोंगरावर निजामशाहीने किल्ला उभारण्यास प्रारंभ केला, तेव्हा पोर्तुगिजांनी १५९४ मध्ये तो जिंकून घेतला. त्यामुळे खाडीची दोन्ही बाजूंची नाकेबंदी त्यांच्या हाती आली.

याच वेळी बंदराच्या ऱ्हासासही प्रारंभ झाला होता. परवान्यांवर आधारलेली पोर्तुगिजांची सागरी व्यवस्था, सुरतेचा उदय, निजामशाहीचा अंत, आणि पुढे मुंबईची वाढ या कारणांनी चौलचा व्यापार ओसरत गेला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनीने चौलचे विणकर मुंबईस आणून वसविण्याचा प्रयत्न केला, तो याच ऱ्हासाचा निदर्शक आहे. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने चौलला वेढा घातला. व्हाइसरॉयने प्रत्युत्तरादाखल फोंड्यावर स्वारी केली आणि ती त्याच्या अंगाशी आली. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांच्या संयुक्त फौजा कान्होजी आंग्रे यांच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेल्या, त्यांचा तळही चौलला होता. ही मोहीमही फसली. १७३९ मध्ये वसईचा पाडाव झाल्यावर चौलचे पोर्तुगीज अस्तित्व टिकणे अशक्य झाले, आणि इंग्रजांच्या मध्यस्थीने १७४० मध्ये झालेल्या तहाने चौल व कोर्लई मराठ्यांच्या स्वाधीन झाले. दोन शतकांहून अधिक काळ चाललेली पोर्तुगीज सत्ता येथे संपली.

५. कोर्लईची बोली

सत्ता संपली, परंतु भाषा संपली नाही. चौलच्या इतिहासातील सर्वांत आश्चर्यकारक भाग येथून सुरू होतो. तहानंतर पोर्तुगीज अधिकारी, सैनिक व धनिक कुटुंबे गोव्याकडे निघून गेली; मागे राहिली ती येथेच ख्रिस्ती झालेली सामान्य कष्टकरी माणसे. ती कोर्लईच्या डोंगराच्या पायथ्याशी वस्ती करून राहिली. या वस्तीत आजही जी बोली बोलली जाते, ती पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संयोगातून जन्मलेली आहे. बोलणारे तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, असे म्हणतात. बोलणाऱ्यांची संख्या हजाराच्या आसपास, किंबहुना त्याहून कमीच आहे.

अशा मिश्र बोली एकेकाळी वसई, ठाणे, मुंबई या सर्व उत्तर कोकणात प्रचलित होत्या. गोमंतकीय विद्वान सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो यांनी १९०६ मध्ये उत्तरेकडील इंडो-पोर्तुगीज बोलीवर आपला अभ्यास प्रसिद्ध केला. परंतु मुंबई परिसरात त्या बोलींची जागा मराठीने व इंग्रजीने घेतली. कोर्लईतच ती का टिकली, या प्रश्नाचे उत्तर भूगोल आणि समाजरचना या दोहोंत आहे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडी. रेवदंड्याशी जोडणारा पूल विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात झाला, तोवर खाडी ओलांडण्यास होडीवाचून गत्यंतर नव्हते. भोवतालची वस्ती हिंदू व मुसलमान, आणि विवाहसंबंध आपसांतच. शिवाय चर्चमधील पाद्री पोर्तुगीज जाणणारे असत. तेव्हा भाषेचे हे बेट भूमीने, रक्तसंबंधाने आणि धर्मविधीने अशा तीन बाजूंनी वेढलेले होते. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये या बोलीवर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यानंतर जगातील भाषाभ्यासकांचे लक्ष या गावाकडे वेधले गेले.

या बोलीची घडण मराठी वाचकास विशेष बोधप्रद आहे. तिचा शब्दसंग्रह बव्हंशी पोर्तुगीज, परंतु वाक्याची चौकट मराठीच्या वळणावर गेलेली आहे. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्त्यानंतर आणि कर्मापूर्वी येते. कोर्लईत ते मराठीप्रमाणे वाक्याच्या अखेरीस जाते. पोर्तुगीज माणूस ‘घर मारियाचे’ या क्रमाने बोलतो. कोर्लईचा माणूस आधी मारियाचे नाव घेतो, नंतर संबंधदर्शक ‘सु’ हा शब्द आणि नंतर घर, म्हणजे ‘मारियाचे घर’ याच क्रमाने. पोर्तुगीज क्रियापदाची पुरुषवाचक रूपे गळून पडली आहेत. शब्दांतील अंत्य निराघात स्वर लोपण्याची प्रवृत्ती आहे. ‘लिंग्वा’चे ‘लिंग’ झाले ते याच रीतीने. संस्कृतातील अकारान्त शब्दांचा अंत्य स्वर मराठी उच्चारात लोपतो, हे लक्षात घेतले म्हणजे ही प्रवृत्ती परकी वाटत नाही. मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी तर या बोलीने ‘उ’कारान्त असा एक स्वतंत्र गणच निर्माण केला आहे. घरातील शब्द एका भाषेचे आणि घराचा आराखडा दुसऱ्या भाषेचा, असे तिचे वर्णन करता येईल.

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. पाव, बटाटा, पगार, चावी, घमेले, पिंप, इस्त्री, कोबी हे शब्द आज मराठीत इतके मुरले आहेत की, त्यांचे पोर्तुगीज मूळ सांगितल्यावाचून कळत नाही. हे शब्द कोणत्याही पंडिताने आणले नाहीत. ते वखारीत, तांड्याच्या उताऱ्यावर, स्वयंपाकघरात आणि गवंड्याच्या हाताखाली मराठीत आले. मराठीच्या घरी आलेल्या पाहुण्या शब्दांचा हिशेब अभ्यासकांनी बराच केला आहे. मराठीने दुसऱ्या भाषेस काय दिले, याचा हिशेब मांडण्याचे स्थळ म्हणजे कोर्लई होय.

१९६० नंतरच्या दशकांत कॅथलिक धर्मविधी लोकभाषेत होऊ लागले आणि कोर्लईच्या चर्चमध्ये पोर्तुगीजच्या जागी मराठी आली. शाळा मराठी होती. पुढे पूल झाला, आणि मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी बाहेर जाऊ लागली. ज्या तीन कड्यांनी भाषेस जपले, त्या एकामागून एक सुटल्या. या बदलास दोष देता येणार नाही. होडीची वाट पाहत राहणे हे कोणत्याही गावाचे कर्तव्य नव्हे. परंतु त्या बदलाची किंमत कोणती, हे जाणून घेणे हे अभ्यासकांचे कर्तव्य निश्चितच आहे.

६. आज पाहण्याजोगे

चौल-रेवदंड्यास जाणाऱ्या जिज्ञासूस दोन दिवस सहज पुरतील एवढी स्थळे आहेत. जुन्या चौलमधील रामेश्वराचे मंदिर, त्यासमोरील पुष्करणी आणि अग्नी, वायू व पर्जन्य या नावांची कुंडे प्रसिद्ध आहेत. हिंगलाज देवीच्या टेकडीवर प्राचीन लेणी आहेत. दत्ताच्या डोंगरावर दत्तजयंतीस मोठी यात्रा भरते. वाड्यांच्या मध्ये मुसलमानी अमलातील मशीद व हमामखाना यांचे अवशेष आढळतात. चेमुलचे बौद्ध, सैमूरचे मुसलमान आणि क्षेत्रमाहात्म्यातील देवस्थाने ही एकाच गावाच्या शिवारात पायी हिंडण्याच्या अंतरावर आहेत.

रेवदंड्याच्या तटात शिरल्यावर सातखणी बुरूज या नावाने ओळखला जाणारा उंच मनोरा दृष्टीस पडतो. नावाने तो बुरूज असला तरी मुळात तो फ्रान्सिस्कन चर्चचा मनोरा होय. भोवती अन्य चर्चांच्या भिंती व कमानी उभ्या आहेत. गावातील ‘बेथ एल’ हे सिनेगॉग १८४२ मधील आहे. या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज चौलच्या उत्तरेस नवगावजवळ आले, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. तेथेही त्यांनी मराठी जपली आहे. कोर्लईच्या किल्ल्यावरून एका बाजूस अथांग समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडी आणि पायथ्याशी दीपगृह असे दृश्य दिसते. बहुतेक प्रवासी किल्ला चढतात, दृश्य पाहतात आणि उतरून जातात. किल्ल्याच्या पायथ्याच्या वस्तीत जे बोलले जाते, ते त्या किल्ल्याच्या भिंतींइतकेच जुने आहे, याची जाणीव फार थोड्यांस असते.

७. समारोप

चौलच्या इतिहासात सत्ता अनेक आल्या आणि गेल्या. शिलाहारांची जकात, निजामशाहीचा वेढा, पोर्तुगिजांचे तट हे सर्व आता ग्रंथांत आणि भग्नावशेषांत उरले आहे. त्यांचे जतन व्हावे यात दुमत नाही. पडता तट पुनश्च सावरता येतो, कोरलेला दगड छपराखाली ठेवता येतो. बोलीचे तसे नाही. ती बोलणाऱ्यांच्या मुखाबाहेर कोठेही राहत नाही, आणि मौन झाल्यावर तिची डागडुजी होत नाही. म्हणून कोर्लईच्या बोलीचे कोश, व्याकरण आणि ध्वनिमुद्रण मराठी अभ्यासकांकडून मराठीत सिद्ध होणे अगत्याचे आहे. ज्या भाषेने तिला वाक्याची चौकट दिली, त्या भाषेतच तिच्याविषयी अत्यंत अल्प लेखन व्हावे, ही गोष्ट भूषणावह नाही.

ग्रीक व्यापाऱ्याने ‘च’ हा परका वर्ण जमेल तसा लिहून ठेवला, म्हणून चेमुलची ओळख दोन हजार वर्षांनंतरही पटते. त्याने तो उच्चार परका म्हणून सोडून दिला असता, तर आज हे बंदर विवादाचा विषय होऊन बसले असते. कोर्लईच्या बाबतीत तेच काम आता खाडीच्या अलीकडच्या तीरावरील मंडळींकडे आले आहे. तेथे ‘आपली भाषा’ असे म्हणणारी माणसे अद्याप आहेत, तोवर ते करणे शक्य आहे.